अपिलात नवी हकीगत चालत नाही

शिरोळ तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमान 34 वर्षांचे, शिरोली एमआयडीसीत लेथवर टर्नर. गळीत हंगामात रात्रपाळी करून मोटारसायकलवरून परत येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळले. उजव्या मनगटाचा चुरा झाला, दोन ऑपरेशनं झाली, आत प्लेट आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने 7,20,000 रुपयांचा हिशेब केला आणि त्यातून यजमानांचीही 25 टक्के चूक धरून 5,40,000 मंजूर केले. निकालाला पाच महिने झाले. आता ट्रॅक्टरच्या विमा कंपनीने अपील केल्याची हायकोर्टाची नोटीस घरी आली आहे. खालच्या कोर्टातले वकील म्हणतात, अपिलाचं काम करणारा वकील बघा. तर हा वकील वेगळं काय करतो, साक्षी पुन्हा होणार का, आणि पदरात पडलंय तेही जाणार का?

ताई, घाईचं आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचा. नोटीस हातात पडल्यापासून एक महिना मोजा. त्या महिन्यात तुम्हाला क्रॉस ऑब्जेक्शन दाखल करता येतं. मराठीत त्याला प्रत्याक्षेप म्हणतात, पण कोर्टात तो शब्द कुणी वापरत नाही. म्हणणं एवढंच की, कंपनीला रक्कम जास्त वाटते, आम्हाला ती कमी वाटते, तेव्हा दोन्ही एकदम तपासा. तुमचं स्वतःचं अपील करायची मुदत निकालापासून 90 दिवस होती. नकलेसाठी अर्ज केल्यापासून नक्कल मिळेपर्यंतचे दिवस त्यातून वजा होतात, तरी पाच महिन्यांत ती बहुधा संपलीच. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज, कारणं, समोरच्याचा विरोध हे सगळं आलं. क्रॉस ऑब्जेक्शनला ती कटकट नाही. शिवाय पुढे कंपनीने आपलं अपील काढून घेतलं तरी तुमचं क्रॉस ऑब्जेक्शन जिवंत राहतं, ते कोर्टाला ऐकावंच लागतं. कितीतरी जखमी लोक नोटीस आली की घाबरून नुसतं वकीलपत्र देतात आणि कंपनीचं अपील फेटाळलं की पेढे वाटतात. वाढीव रक्कम मागायची संधी त्यांच्या दारात येऊन गेलेली असते. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सुरेखा विरुद्ध संतोष या प्रकरणात सांगितलं आहे की, अपघाताच्या भरपाईत क्रॉस अपील केलं नाही एवढ्या तांत्रिक कारणावर योग्य रक्कम नाकारू नये. पण हा निकाल आहे म्हणून क्रॉस ऑब्जेक्शन टाकायचं राहू दे, असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

आता वकील काय करतो ते. साक्षी पुन्हा होत नाहीत. यजमानांना पिंजऱ्यात उभं राहावं लागणार नाही, डॉक्टरही येणार नाहीत. खालच्या कोर्टात जे नोंदलं गेलं, तेवढंच वर जातं: फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, दोषारोपपत्र, सरतपास म्हणजे आपल्याच वकिलाने विचारून घेतलेली साक्ष, उलटतपास, आणि निशाणी पडलेले, म्हणजे कोर्टाने पुरावा म्हणून क्रमांक दिलेले कागद. निशाणी न पडलेला कागद फायलीत असूनही नसल्यासारखा. अपिलाच्या वकिलाचं निम्मं आयुष्य ही फाईल वाचण्यात जातं. युक्तिवाद पंधरा-वीस मिनिटांचा असतो, त्याच्या मागे चार-पाच रात्रींचं वाचन असतं.

मी नवा असताना इचलकरंजीच्या एका पॉवरलूम कामगाराच्या अपिलात त्याच्या घरची स्थिती तळमळीने मांडत होतो. न्यायमूर्तींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, डॉक्टरांची साक्ष कुठल्या पानावर आहे? ती कुठल्याच पानावर नव्हती. अपंगत्वाचा दाखला नुसता दाखल केलेला होता, डॉक्टरांना तपासलेलंच नव्हतं. मला ते माहीत होतं, पण बोलण्याच्या भरात ते झाकून जाईल असं वाटलं होतं. त्यानंतर मी अपिलाची फाईल शेवटच्या निशाणीपासून मागे वाचत यायला लागलो.

तुमच्या प्रकरणात डॉक्टरांची साक्ष झाली आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे पाया आहे.

वाचनातली एक गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीत नसते. ती म्हणजे भाषांतर. आपल्याकडे साक्ष मराठीत होते आणि हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, म्हणून साक्षीचं भाषांतर जोडावं लागतं. एका फिटरच्या प्रकरणात तो उलटतपासात म्हणाला होता, "पाना धरता येतो, पण आवळता येत नाही." भाषांतरात पहिला अर्धा भाग आला आणि दुसरा गळाला. कंपनीच्या वकिलांनी साहजिकच तेवढंच वाचून दाखवलं की, हा माणूस स्वतःच कबूल करतोय, त्याला पाना धरता येतो. मी मूळ मराठी पान उघडून न्यायमूर्तींसमोर ठेवलं. ते मराठी जाणणारे होते. वाचून ते नुसतं हसले, आणि त्या मुद्द्यावर पुढे चर्चाच झाली नाही. धरणं आणि आवळणं यातला फरक ज्याने कधी नट उघडलाय त्याला कळतो. म्हणून भाषांतर दुसऱ्याने केलेलं असलं तरी मूळ साक्षीशी ओळ न् ओळ ताडून बघणारा वकील शोधा. टर्नरच्या प्रकरणात तर हे फारच महत्त्वाचं, कारण मायक्रोमीटर धरायचा, जॉब चकमध्ये लावायचा, टूल सेट करायचं, यातलं काय जमतं आणि काय जमत नाही यावरच सगळा हिशेब बसतो.

तो हिशेब आता बघू. न्यायाधिकरणाने महिन्याची मिळकत 12,000 धरली, अपंगत्व 20 टक्के, आणि वयाप्रमाणे गुणक, म्हणजे किती वर्षांची मिळकत धरायची तो आकडा, 16. वर्षाचे 1,44,000, त्याला 16 ने गुणून 23,04,000, त्याचे 20 टक्के म्हणजे 4,60,800. दवाखान्याची बिलं 1,79,200, वेदना, आहार आणि प्रवास मिळून 80,000. बेरीज 7,20,000.

गुणक बरोबर आहे. 2009 च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात 31 ते 35 वयाला 16 च आहे. चूक पुढे आहे. 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगाराची नोकरी करणारा माणूस चाळिशीच्या आत असेल तर त्याच्या मिळकतीत भविष्यातल्या वाढीचे म्हणून 40 टक्के मिळवावे लागतात. हे फक्त मृत्यूच्या दाव्यात असतं, जखमीला नाही, असा समज खाली अजून बराच आहे. 2020 मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात, हात गमावलेल्या एका डेटा एंट्री ऑपरेटरच्या बाबतीत, सुप्रीम कोर्टाने तो समज खोडून काढला. तुमच्या निकालात हे 40 टक्के कुठेच दिसत नाहीत. नुसते ते मिळवले तर 12,000 चे 16,800 होतात आणि 4,60,800 च्या जागी 6,45,120 येतात. या एका मुद्द्याला ना साक्षीदार लागतो, ना डॉक्टर. 1,84,320 रुपये नुसत्या कायद्याने वाढतात. क्रॉस ऑब्जेक्शनमधला पहिला मुद्दा मी हाच घेईन.

दुसरा मुद्दा 20 टक्क्यांचा. डॉक्टरांनी उजव्या हाताचं कायमचं अपंगत्व 40 टक्के सांगितलं, न्यायाधिकरणाने "पूर्ण शरीराच्या मानाने" म्हणून ते निम्मं केलं. कारण दिलेलं नाही. इथे 2010 चा राज कुमार विरुद्ध अजय कुमार हा निकाल कामाला येतो. त्यात फार साधी गोष्ट सांगितली आहे: शरीर किती टक्के अधू झालं हा एक प्रश्न, आणि कमावण्याची ताकद किती टक्के गेली हा दुसरा. डावा हात गमावलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळजवळ पूर्ण रोजगार गमावतो, तोच हात गमावलेला सरकारी कारकून नोकरीत राहू शकतो. वैद्यकीय टक्का दोघांचा एकच असतो. आपल्या भागात हे पटवायला उदाहरणं शोधावी लागत नाहीत. हुपरीच्या चांदी कारागिराचा अंगठा गेला किंवा फौंड्रीतल्या मोल्डरचा खांदा वर जात नसेल तर दाखल्यावरचा टक्का काहीही असो, तो माणूस त्या धंद्यातून उठला. उजव्या मनगटाशिवाय टर्नर तसाच. पण सावध राहा. यजमान त्याच कारखान्यात आता स्टोअरमध्ये बसतात असं तुम्ही लिहिलंय. उलटतपासात ते आलं असेल तर कंपनी त्यावरच बोट ठेवेल. मग आपल्याला म्हणावं लागेल की, टर्नरचा पगार आणि स्टोअरमधल्या मदतनिसाचा पगार यातला फरक हेच नुकसान. 100 टक्के मागून हसं करून घेण्यात अर्थ नाही. 40 टक्के अपंगत्व मान्य झालं, वाढीचे 40 टक्के मिळाले आणि मिळकत 12,000 च राहिली, तरी मिळकतीच्या नुकसानीचा आकडा 12,90,240 होतो.

तिसरा मुद्दा मिळकत. मालकाचा दाखला 18,000 चा आहे, पण मालक किंवा कारकून साक्षीला आला नाही म्हणून न्यायाधिकरणाने तो बाजूला ठेवला. खरं तर ही चौकशी संक्षिप्त स्वरूपाची असते, पुराव्याचे नियम तिथे दिवाणी दाव्याइतके कडक लावायचे नसतात. तरी नुसत्या दाखल्यावर मी फार भार टाकणार नाही. पगार बँकेत जमा होत होता का? पासबुकावर निशाणी पडली आहे का? पीएफ, ईएसआयचा एखादा कागद? असेल तर 18,000 धरून तोच आकडा 19,35,360 पर्यंत जातो. नसेल तर हा मुद्दा घ्यायचा, पण दोन वाक्यांत. तिन्ही मुद्दे सारख्याच जोराने मांडणारा वकील न्यायमूर्तींना काही कळत नाही असं समजतो, आणि त्याचे चांगले मुद्देही पातळ होतात.

आता त्या 25 टक्क्यांबद्दल. "मागून धडक दिली म्हणजे थोडी चूक असणारच" हे वाक्य निकालपत्रांत इतक्या वेळा येतं की, त्याचा शिक्काच करावा. डिसेंबर-जानेवारीत आपल्या रस्त्यांवरून रात्री गाडी चालवलेल्या कुणालाही विचारा. ट्रॉलीच्या बाहेर हातभर ऊस लोंबत असतो, मागचा दिवा नसतो, असलेला रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो, आणि पंक्चर झाली की चाकाला दगड लावून ट्रॉली तिथेच सोडून ड्रायव्हर निघून जातो. पण हे मी इथे लिहिणं वेगळं आणि फायलीत असणं वेगळं. पंचनाम्यात "पाठीमागे दिवा अगर परावर्तक नाही" अशी ओळ आहे का ते बघायचं. मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालात दिव्यांबद्दल काय लिहिलंय ते बघायचं. घटनास्थळाच्या नकाशात ट्रॉली डांबरीवर होती की साइडपट्टीवर, हे बघायचं. आणि सर्वात मोठी गोष्ट: ट्रॅक्टरचा ड्रायव्हर साक्षीला आला होता का? चूक तुमचीही होती, हे सिद्ध करायचं ओझं ते म्हणणाऱ्यावर असतं. ड्रायव्हर आलाच नसेल तर कंपनीकडे नुसता अंदाज उरतो. 2018 मध्ये अर्चित सैनी प्रकरणात रात्री रस्त्यावर इंडिकेटरशिवाय उभ्या केलेल्या गॅस टँकरवर कार आदळली होती. हायकोर्टाने कारचालकाची निम्मी चूक धरली, ती सुप्रीम कोर्टाने काढून टाकली. तुमच्या प्रकरणाला याहून जवळचा निकाल मला माहीत नाही. यजमानांच्या लायसन्सची मुदत संपली होती या मुद्द्याने घाबरू नका. लायसन्स नसणं हा वेगळा गुन्हा आहे, त्यावरून अपघात त्यांच्या चुकीने झाला असं ठरत नाही, हे 2008 च्या सुधीर कुमार राणा निकालापासून स्पष्ट आहे.

कंपनीचं अपील बहुतेक दुसऱ्याच मुद्द्यावर असेल. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी होता, इथे तो भाड्याने कारखान्याला ऊस ओढत होता, आणि ट्रॉलीचा वेगळा विमाच नव्हता. हा बचाव आपल्या जिल्ह्यात घरगुती म्हणावा इतका चालतो. यात कंपनीचं म्हणणं मान्य झालं तरी कोर्ट बऱ्याचदा असा आदेश देतं की, कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. कारण यजमान विम्याच्या त्या करारात कुठेच नाहीत, ते तिसरे, त्रयस्थ. तुमच्या वकिलाने कंपनीच्या जबाबदारीवर पुरेपूर वाद घालावा, पण "निदान आधी भरा, मग वसूल करा" ही पर्यायी मागणी विसरू नये. ती मागायची राहिली तर तुमच्या हातात ट्रॅक्टर मालकाविरुद्धचा हुकूमनामा राहील, आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेल्या मालकाकडून वसुली म्हणजे काय असतं ते तुम्हाला शिरोळात राहून मी सांगायला नको.

नवा पुरावा अजिबातच देता येत नाही असं नाही. निकालानंतर प्लेट काढायचं ऑपरेशन झालं, हाडात जंतुसंसर्ग झाला, असं काही नव्याने घडलं असेल तर जादा पुराव्याचा अर्ज करता येतो. जे तेव्हा अस्तित्वातच नव्हतं ते तेव्हा दाखल कसं करणार, हे कोर्ट समजून घेतं. तेव्हा हातात असलेला कागद आळसाने दिला नाही, याला मात्र क्वचितच माफी मिळते.

पैशांचं काय, तर अपील नुसतं दाखल करायला कंपनीला 25,000 किंवा रकमेच्या निम्मे, यातले कमी असतील तेवढे भरावे लागतात, म्हणजे व्यवहारात 25,000. वसुलीला स्थगिती हवी असेल तर मात्र कोर्ट सहसा व्याजासह सगळी रक्कम जमा करायला सांगतं. ती जमा झाली की तुमच्या वकिलाने लगेच रक्कम काढण्याचा अर्ज करावा. काही भाग हमीवर मिळतो, बाकीची बँकेत ठेव म्हणून राहते. औषधोपचाराचं किंवा मुलांच्या फीचं कारण कागदांसह दिलं तर सहसा अडत नाही. अपील चालायला वेळ लागेल, तो किती हे मी आकड्यात सांगणार नाही, कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका.

एक मात्र बदललं. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथे कोल्हापुरातच, सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं. चाळीसहून जास्त वर्षं त्यासाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी आंदोलनं केली. त्याआधी आमचा दिनक्रम म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी सीएसएमटीवर तोंड धुवायचं, फोर्टात दिवसभर बसायचं, प्रकरण बोर्डाच्या, म्हणजे त्या दिवसाच्या यादीच्या, शेवटी असायचं, पुकारा व्हायच्या आत कोर्ट उठायचं, की परत महालक्ष्मी. पक्षकार बरोबर आला तर त्याचा खर्च वेगळा, म्हणून तो यायचाच नाही आणि आपल्या प्रकरणात काय झालं हे त्याला महिन्यांनी कळायचं. आता तुम्ही जयसिंगपूरहून एसटीने येऊन स्वतः मागच्या बाकावर बसू शकता. बसाच. बोलणं बहुतेक इंग्रजीत चालेल, पण आपला वकील फाईल वाचून आलाय की नाही हे कळायला इंग्रजी लागत नाही. न्यायमूर्ती पान विचारतात तेव्हा तो किती वेळ चाळतो, एवढं बघा.

फीबद्दलही लिहितो, कारण प्रश्नात नसलं तरी ते मनात असतं. मिळालेल्या रकमेचे इतके टक्के मला, असा करार करायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. तरी टक्केवारी चालते हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही ठरावीक रक्कम, टप्प्याटप्प्याने, आणि पावती मागा. क्लेमची रक्कम तुमच्या नावच्या खात्यातच जमा होईल असं पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

कंपनी लोकअदालतीत तडजोडीला बोलावेल तेव्हा लगेच हो किंवा नाही म्हणू नका. तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नसतं. तेव्हा आधी वकिलाकडून वरचा हिशेब कागदावर लिहून घ्या: भविष्यातली वाढ, 25 टक्क्यांची कपात गेली तर किती, 40 टक्के अपंगत्व मान्य झालं तर किती. नुसते वाढीचे 40 टक्के मिळवून आणि 25 टक्के कापून 6,78,240 येतात. मी तुमच्या जागी असतो तर व्याज वेगळं धरून त्याहून कमी आकड्यावर सही केली नसती.

खालच्या कोर्टातल्या वकिलांशी मात्र बिनसवू नका. राहून गेलेला दाखला, न आलेला साक्षीदार यांची कारणं त्यांनाच ठाऊक असतात, आणि त्यांची हस्तलिखित टिपणं कधीकधी छापील फाईलपेक्षा जास्त सांगतात. त्यांच्याकडून ती मागून घ्या. निकालाची नक्कल, पॉलिसीची प्रत, ऑपरेशननंतरचे सगळे एक्स-रे आणि यजमानांचं पासबुक बरोबर आणा. आणि नोटीस बेलिफाने ज्या दिवशी दिली ती तारीख तिच्या कोपऱ्यात आजच पेनाने लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी घरात त्यावर तिघांची तीन मतं असतात.